खड्डा चालेल, खडा नको

नवा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, हातात आला की माणूस आधी त्याचा चेहरा बघतो. उजेडात तिरका धरायचा, ओला करायचा, पुन्हा तिरका धरायचा. मग कुठे सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं, कुठे काळी रेघ, कडेला बारीकसा टवका, आणि जीव खालीवर होऊ लागतो. सुरीचा दगड असता तर चाललं असतं. हा वस्तऱ्याचा आहे आणि वस्तरा गळ्यावरून फिरवायचा आहे.

काळजी अगदीच वेडी नाही. केसाची जाडी साधारण 50 ते 100 मायक्रॉन. नीट लावलेल्या वस्तऱ्याच्या धारेचं टोक एका मायक्रॉनच्याही आत. इतक्या नाजूक गोष्टीला दगडाचे व्रण सोसणार कसे? पण गंमत अशी, की जे दोष डोळ्यांत भरतात ते बहुतेक धारेच्या गावीही नसतात.

भोकाचंच घ्या. कारखान्यात बनलेल्या दगडात हवेचा बुडबुडा राहिला की असं भोक पडतं. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून, पातं जरा तिरकं ओढत नेतात. भोकावरून जाताना आजूबाजूची सगळी धार पक्क्या दगडावर टेकलेली असते. पात्याला आत उतरायला वाटच नाही. तेवढ्या जागी, तेवढ्या क्षणी धार घासली जात नाही, संपलं. पुढच्या इंचभरात तिची भरपाई होते.

धोका असलाच तर भोकाच्या काठाला. काठ ताजा फुटलेला, कंगोरेदार असेल तर समोरून येणारी धार त्याला अडखळते. म्हणून नख फिरवून बघायचं. नख भोकात उतरलं तर उतरू दे, बाहेर येताना खुट्ट झालं की मात्र तो काठ दुसऱ्या बारीक दगडाने हलकेच घासून बोथट करायचा. डोळ्यांपेक्षा नखाचा निकाल खरा, असं माझं मत होत चाललंय.

रेघांच्या बाबतीत तर डोळे साफ फसवतात. बेल्जियमच्या आर्देन भागातल्या कोटिक्युल नावाच्या पिवळ्या दगडात धार लावायचं काम गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक कण करतात. त्याच्या अंगावर मँगनीजच्या काळ्या रेघा असतात. बघणारा दचकतो, पण त्या सहसा निरुपद्रवी. त्याच दगडात गारगोटीची एखादी फिकट शीर असली तर ती चटकन दिसतही नाही. आजूबाजूचा दगड झिजत जातो, ती तेवढी झिजत नाही आणि हळूहळू डोकं वर काढते. क्योटोच्या परिसरातल्या जपानी दगडांवर लालसर ठिपके असतात, कावळ्याच्या पिसांसारखे काळे शिंतोडे असतात. त्यांना ‘रेंगे’, ‘करासू’ अशी नावं आहेत आणि त्यांच्यासाठी जास्त मोजणारे शौकीनही आहेत. म्हणजे एका दगडावरचा डाग दोष, दुसऱ्यावरचा दागिना! धारेला दोन्हींचं सोयरसुतक नाही.

तिला वैर आहे ते वर आलेल्या खड्याशी. दगडात अडकलेला एकच कठीण कण पुरतो. पातं सरकताना एका ठरावीक जागी कर्रकन बारीक आवाज येतो, बोटांना किंचित झिणझिणी जाणवते. भिंगाखाली धार धरली तर एकसारख्या बारीक ओरखड्यांमधून एक खोल चरा थेट धारेपर्यंत गेलेला दिसतो आणि तिथे धारेचा तुकडा उडालेला असतो. उपाय मोठा मजेशीर आहे. टोकदार सुई घ्यायची आणि तो कण कोरून काढायचा. कण गेला, जागी खड्डा राहिला. ज्या खड्ड्यासाठी दगड परत करायला निघालो असतो, तोच आता स्वतःच्या हाताने पाडायचा.

अर्थात दर वेळी खडा दगडातलाच असतो असं नाही. जपानी मोजमापातल्या 1000 नंबरच्या दगडाचा कण 10 ते 15 मायक्रॉनचा, 8000चा एक-सव्वा मायक्रॉनचा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना पातं धुतलं नाही, की पाहुणा कण सोबत येतो आणि बारीक दगडाच्या अंगात रुतून बसतो. दोष उगाच दगडाच्या माथी.

आणि सगळ्यांत फसवा तो बिनडागी, गुळगुळीत, देखणा निसणा. त्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा माराव्यात आणि हिऱ्याच्या सपाट पट्टीवर तो घासावा. कडांच्या रेघा पुसल्या जातात, मधल्या तशाच राहतात. मध्यावर दगड खोलगट झालेला असतो आणि हे इतके दिवस कुणाच्या डोळ्यांना टोचलेलं नसतं.

राहिला कडेचा टवका. माझ्याकडच्या एका दगडाचा कोपरा असाच उडालेला आहे. तो मी घासून गोल केला, तेव्हापासून तिथे पातं बिनधास्त जातं. उरलेले तीन कोपरे कारखान्यातून आले तसे काटकोनात, धारदार, दिसायला सुरेख. पातं जरा कलंडलं तर टवका उडवतील ते हेच, म्हणून आता त्यांनाही गोल करायला घेतलंय.