तीच धून, पुन्हा तीच

डरहम, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, रात्री

'किचन गर्ल' ही धून आज बैठकीत एकदाची सर्वांच्या बरोबरीने, न अडखळता फिडलवर वाजवता आली. अ‍ॅपलेशियन डोंगराळ मुलखातल्या या जुन्या फिडलवादनाला इथे 'ओल्ड-टाइम' म्हणतात. वाद्य आपले नेहमीचेच व्हायोलिन. मात्र अनेक जुने वादक ते हनुवटीखाली दाबून न धरता छातीला टेकवत आणि गजही शेवटाला न पकडता थोडा वर पकडत.

ही धून आज सगळीकडे वाजते ती हेन्री रीड यांच्यामुळे. १८८४ मध्ये जन्मलेले रीड व्हर्जिनियातल्या ग्लेन लिन या लहानशा गावात राहत. इथल्याच ड्यूक विद्यापीठात शिकणारे अ‍ॅलन जबूर १९६६ मध्ये टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी गेले, तेव्हा रीड यांनी ऐंशी ओलांडली होती, आणि दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, ते गेले. जबूर पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन शिकलेले होते. तरीही त्यांनी या म्हाताऱ्या माणसाचा गज कसा फिरतो हे शिष्याच्या निष्ठेने टिपून घेतले. ती ध्वनिमुद्रणे आता लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात कोणालाही ऐकता येतात आणि माझी बरीचशी शिकवणी त्यांच्याकडेच चालू आहे.

'किचन गर्ल'चा पहिला भाग तारसप्तकाकडे झेपावत सुरू होतो. त्यात गंधार शुद्ध आणि निषाद कोमल. दुसरा भाग खाली उतरतो आणि तिथे गंधारही कोमल होतो. म्हणजे आपल्या भाषेत खमाज थाटातून थेट काफी थाटात उडी, आणि तीही मध्ये श्वास घ्यायला जागा न ठेवता. थाटांची ही नावे अर्थातच मी माझ्या सोयीसाठी लावलेली आहेत. इथल्या वादकांना त्यांच्याशी काही देणेघेणे नाही. तारा लावण्याची पद्धत मात्र खरोखरच ओळखीची निघाली. या पट्टीतल्या धुनांसाठी अनेकजण खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवून घेतात, आणि मग चारही तारा सा-प-सा-प अशा लागतात. षड्ज पांढरी सहाचा. आपल्याकडेही व्हायोलिन असे लावतात. गज एका वेळी दोन तारांवर घासला की शेजारची मोकळी तार तंबोऱ्यासारखी आपोआप बोलत राहते. पुन्हा पुन्हा खुंट्या पिळण्याचा कंटाळा सर्वांनाच असल्यामुळे बैठकीत तासभर एकाच पट्टीतल्या धुना चालतात.

मला सर्वांत जड गेली ती पुनरावृत्ती. आठ मात्रांचा नव्हे, आठ बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) एक भाग दोनदा, मग दुसरा भाग दोनदा. असे एक आवर्तन सुमारे अर्ध्या मिनिटात संपते आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आठ-दहा मिनिटे हेच. ख्याल ऐकत वाढलेला माझा कान आता बढत होईल, आता तान येईल म्हणून वाट पाहत बसायचा. ब्लूग्रास या इथल्याच दुसऱ्या संगीतप्रकाराप्रमाणे इथे एकेकाने पुढे येऊन कर्तब दाखवायचे नसते; सगळे फिडलवादक एकच चाल एकत्र वाजवतात आणि बँजो हे छेडून वाजवायचे तंतुवाद्य तिच्या अंगाला अंग लावून चालते. मुळात हे नाचासाठीचे संगीत. नाचणारे थांबेपर्यंत थांबायची सोय नव्हती. ज्याने धून सुरू केली त्याने पाय उचलला की हे शेवटचे आवर्तन, एवढीच खूण. चालीत फरक पडत नसला तरी गजाच्या वजनात पडतो, हे बऱ्याच उशिरा ऐकू यायला लागले: एक लांब आणि दोन आखूड असा फिरणारा गज नेमका कुठे दाबला जातो, यावर सारा डोल अवलंबून असतो. स्वरलिपीत यातले फारच थोडे उतरते.

बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आले. इथून जवळच असलेल्या मेबेनचे कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्पसन (१९१८–२०१२) घराण्यातच हे वादन शिकले होते. १९२०च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी गोऱ्यांचे आणि काळ्यांचे संगीत वेगवेगळे विकायला काढले, तेव्हा काळ्या फिडलवादकांना त्यात फारशी जागा उरली नाही. हे फक्त गोऱ्यांचे संगीत आहे असा जो समज पसरला, त्यात या विक्रीच्या हिशेबाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

पुढचा धडा फिडलवादक टॉमी जॅरल यांचा. याच राज्यातल्या सरी काउंटीतले जॅरल (१९०१–१९८५) पोटासाठी रस्ते सपाट करणारे यंत्र चालवत. त्यांचा गंधार कित्येकदा धड शुद्धही नसतो आणि धड कोमलही नसतो. त्याची जागा बोटाला सापडेपर्यंत पुढच्या रविवारी मी त्यांची 'सॅली अ‍ॅन' ही धून सुरू करणार नाही; दुसऱ्या कोणी सुरू केली तर मागे बसून फक्त गज सांभाळीन.