बाबा आता आवाजाची वाट पाहतात

मागच्या उन्हाळ्यात बाबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, डाव्या बाजूचं थोडं कमी दिसते म्हणत होते, आम्ही म्हटलं चला सुटलो. नागपूरहून घरी आणलं तर दारात आत्या पाण्याचा गडवा घेऊन उभी, बाबांची सख्खी बहीण, अन बाबा तिच्याकडे नुसते पाहतायत, जसं बसस्टँडवर कोणी अनोळखी बाई उभी असावी. मग आत्या बोलली, "आला का रे दादा?" त्या आवाजावर बाबा एकदम रडायलाच लागले.

डोळे तपासले, चष्म्याचा नंबर तोच निघाला. पेपर वाचतात, मोबाईलवरचे आकडे वाचतात. नाक दिसते, मिशी दिसते, कपाळावरचं कुंकू दिसते, पण हे सगळं मिळून कोण ते लागत नाही. डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं की मेंदूच्या खालच्या अंगाला, मागच्या बाजूनं, चेहरे ओळखायचं काम करणारा भाग असतो, जास्त करून उजवीकडे, अन तिथलाच रक्तपुरवठा तुटला. प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात याला. १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी अन त्यांच्या सोबत्यांनी लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून चेहऱ्यांचे आणि दुसऱ्या वस्तूंचे फोटो दाखवले, तेव्हा हा भाग चेहऱ्यांनाच जास्त जागा होतो हे दिसलं होतं.

तेव्हापासून मी रात्री रात्री याच्यावर वाचत बसलो. आपण ओळखतो म्हणजे किती लवकर ओळखतो हे वाचून मी उठून अंगणातच गेलो. चेहरा समोर आला की साधारण १७० मिलिसेकंदात मेंदूत एक खास लहर उठते, डोक्याला इलेक्ट्रोड लावून ती मोजता येते, अन हा आपला माणूस की परका हे पाव सेकंदाच्या आसपास ठरून जाते, पापणी लवते तोवर. नजर तर त्याच्याही आधी, १०० मिलिसेकंदातच चेहऱ्याकडे वळलेली असते.

बाबांचं ते पाव सेकंद किती पक्कं होतं ते मी पाहिलंय. दारव्ह्याकडच्या एका मार्केटात ते मापारी होते. सीझनमध्ये कापसाच्या बंड्यांची रांग गेटच्या बाहेर जायची, अन बाबा काट्याजवळून चौथ्या बंडीवरच्या माणसाला पाहून म्हणायचे, "काहो भाऊ, औंदा तरी वायवून आनला का कापूस?" त्या माणसाला वर्षातून एकदा पाहायचे फक्त! यॉर्क युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१८ मध्ये काढलं की माणसाला सरासरी ५,००० चेहरे माहीत असतात, कोणाला १,००० तर कोणाला १०,००० पर्यंत. बाबा त्या वरच्या टोकाचे होते असं मला मनापासून वाटते.

आता ते ऐकतात. फाटकाची कडी वाजली की मान वाकडी करून थांबतात, चप्पल घासत आली का, खोकला कोणाचा, गाडी कोणती. समोर उभं राहिलं तरी चेहऱ्याकडे न पाहता ओठांकडे पाहतात, कधी बोलतो म्हणून.

लोकांना हे कळत नाही याचा त्रास होतो. एका लग्नात बाबांचे जुने दोस्त समोरून हसत आले, बाबा सरळ पुढे निघून गेले, अन ते न जेवता परत गेले. बाबा त्यांना विसरले नाहीत हो. आवाज ऐकला असता तर त्यांच्या लेकीचं लग्न कोणत्या साली झालं तेही सांगितलं असतं. भेटलात तर आधी नाव सांगा, बस एवढंच करा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला आईनं हळद-तूप दिलं, बाबांनी आमच्या सोन्या बैलाचा खांदा स्वतः चोळला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली चाळीस-पन्नास बैल, सगळ्यांना झुला, शिंगांना बेगड. बाबा एकदम बोट दाखवून म्हणाले, "तो पाय सोन्या!" मी विचारलं, झुलीवरून ओळखला का? "झूल कायले पाहू, तोंड नाई दिसत का त्याचं?"

मी वाचलं होतं की इंग्लंडात एका माणसाला मेंदूच्या झटक्यानंतर माणसं ओळखू येईनात, तो मेंढ्या पाळायला लागला अन एकेक मेंढी चेहऱ्यावरून ओळखायचा, १९९३ मध्ये त्याच्यावर पेपर आला होता. उलट दुसऱ्या एका शेतकऱ्याला माणसांसोबत आपल्या गाईही ओळखू येईनाशा झाल्या होत्या. म्हणून सोन्या ओळखला तेव्हा माझा जीव थाऱ्यावर आला, मी काही बोललोच नाही, नुसता त्यांच्या बाजूला उभा राहिलो.

झडत्या, म्हणजे पोळ्यातली गाणी, सुरू झाल्या. बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं अन एकदम अदबीनं विचारलं, "भाऊ, तुमची जोडी कोनती?"

"मी व्हय बाबा."

त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, अन झडत्या संपेपर्यंत सोडलं नाही.