तुम्ही विचारलंत म्हणून: पाचजणींचे अकराजण कसे झाले?

पुण्याला गेले की मामी विचारते, इथे टेक्सासमध्ये मराठी मंडळातल्या काकू विचारतात, आणि दुसऱ्या कॉलेजांतल्या बँडमधल्या मुली तर मुद्दाम फोन करून विचारतात: "तुम्ही पाचच जणी उरला होतात ना? मग नवीन मुली आल्या कुठून?" मामीला आधी सोरोरिटी म्हणजे काय हेच सांगावं लागतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींची अशी मंडळं असतात, बहुतेकांना ग्रीक अक्षरांची नावं. सिनेमात दिसतात ती मोठ्या बंगल्यात एकत्र राहणारी. आमची टाउ बीटा सिग्मा निराळी आहे. बंगला वगैरे काही नाही. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांनीच यायचं आणि बँडला लागेल ते काम करायचं. ऑगस्टच्या उन्हात सराव चालू असताना पाण्याचे मोठे थर्मास ओढत न्यायचे, युनिफॉर्म वाटायचे, टोप्यांचे तुरे मोजून ठेवायचे, प्रेक्षकांत बसून वाजवायच्या गाण्यांची छोटी पानं फोल्डरमध्ये लावायची, पाहुण्या बँडला जेवू घालायचं.

हिची जन्मकथा मला फार प्रिय आहे. ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला 1919 मध्ये बँडमधल्या मुलांची कॅपा कॅपा साय ही संस्था निघाली. टेक्सास टेक कॉलेजच्या बँडमधल्या वावा बेन्स या मुलीला वाटलं, मुलींचीही अशी संस्था हवी. पण राष्ट्रीय संघटनांच्या शाखा काढायला तिच्या कॉलेजात तेव्हा परवानगीच नव्हती. म्हणून 1946 च्या मार्चमध्ये पहिली शाखा, अल्फा, स्टिलवॉटरच्या कॉलेजात निघाली आणि जिने सगळी खटपट केली तिच्या कॉलेजची शाखा दुसरी, बीटा, ठरली. तिने पहिल्या नंबराचा हट्ट धरला नाही. 1977 पासून मुलग्यांनाही प्रवेश आहे. दोन्ही संस्थांचं मुख्य कार्यालय आज स्टिलवॉटरच्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत आहे.

आता आमचं. बँड नव्वद जणांचा आणि आम्ही पाच. त्यातल्या तिघींचं मे महिन्यात शिक्षण संपणार होतं. उरलेल्या दोघींनी शाखा चालवणं शक्यच नव्हतं. नवीन मुली आणायची जबाबदारी मी हौसेने मागून घेतली. बँड हॉलच्या दारावर, लॉकरवर, पाण्याच्या नळापाशी, जागा मिळेल तिथे पोस्टर लावलं, माहितीसाठी सभा ठेवली आणि तीसजणांचा पिझ्झा मागवला. दोघी आल्या. त्यातली एक खोली चुकून आली होती. उरलेला पिझ्झा ट्रॉम्बोनवाल्यांना देऊन मी घरी आले आणि खूप रडले.

त्या रात्री मला पुण्याचं पथक आठवलं. अकरावीपर्यंत मी ढोल वाजवायचे, म्हणून तर इथे बास ड्रम घेतला. पथकाचेही फ्लेक्स लागायचे, पण मी फ्लेक्स बघून गेले नव्हते. नदीकाठी सराव बघत उभी होते, तेव्हा एका ताईने हाक मारली, "ए, ही दोरी जरा धर." तिला कुणाच्या तरी कमरेला ढोल बांधायचा होता आणि एक हात कमी पडत होता. मी दोरी धरली. पुढच्या रविवारी ढोल माझ्या कमरेला होता आणि गाठ तीच ताई मारत होती.

मग पोस्टरचा नाद सोडला. पुढच्या ऑगस्टमध्ये युनिफॉर्म वाटायच्या दिवशी ढीगभर पॅंट्स उंचीप्रमाणे दुमडून टाके घालायचे होते. पॅंट बुटावर नीट टेकली नाही तर मैदानात रांग वाकडी दिसते. पाच यार्डांत आठ पावलं, सगळ्यांची सारखी, हे दुरून पायांवरच कळतं. पहिल्या वर्षाची एक मेलोफोन (पितळी, तोंडाने फुंकायचं वाद्य) वाजवणारी मुलगी आपली पॅंट घेऊन झाली तरी दाराशीच उभी होती. ओळख कुणाशी नव्हती, खोलीवर जाऊन करायचं काय, असा चेहरा. मी सुई ओवून तिच्या हातात दिली आणि विचारलं, "येतं का?" तिला माझ्यापेक्षा छान येत होतं. आजीने शिकवलं म्हणाली. काळ्या कापडावर काळा दोरा, टाका बाहेरून दिसू नये म्हणून कापडाचा एकच धागा उचलत होती. तीन तास बसली. जाताना म्हणाली, "हे दर वर्षी तुम्हीच करता? मला वाटलं, कंपनीकडून असंच येतं."

हे ऐकून माझे डोळे उघडले. आम्ही इतक्या गुपचूप राबत होतो की ज्यांच्यासाठी राबत होतो त्यांना आम्ही दिसतच नव्हतो. तेव्हापासून प्रत्येक कामाला बाहेरच्या एकीला तरी सोबत घ्यायचं, असं ठरवलं.

दुसरं म्हणजे नाव घेऊन विचारायचं. "कुणाला यायचं असेल तर या" म्हटलं की जो तो दुसऱ्याकडे बघतो. "तू झांजांच्या पट्ट्या इतक्या जीव लावून बांधतेस, तू आमच्यात हवीस," असं म्हटलं की माणूस थांबतं. ट्यूबा वाजवणारा एक मुलगाही असाच आला. महिनाभर आमचे थर्मास तोच उचलत होता.

आणि सगळं खरं सांगायचं. वर्गणी किती, ती सेमिस्टरच्या कुठल्या आठवड्यात द्यावी लागते, आठवड्याचे किती तास जातात. पूर्वी आम्ही पैशांचं शेवटी, घाईघाईत सांगायचो. त्याने मुली मध्येच सोडून जायच्या आणि वाईट त्यांनाही वाटायचं आणि आम्हालाही. मुलींच्या आयांची भीती वेगळी असते. 2011 मध्ये फ्लोरिडात एका कॉलेजच्या बँडमधला ड्रम मेजर, म्हणजे बँडच्या पुढे चालणारा म्होरक्या, हेझिंगच्या, म्हणजे गटात घेताना करतात त्या छळाच्या, नावाखाली झालेल्या मारहाणीत गेला. ती बातमी आई-बाप विसरलेले नाहीत, आणि विसरूही नये. आम्ही स्पष्ट सांगतो: नव्यांना सभासद करून घेण्याचा, म्हणजे दीक्षेचा, विधी गुप्त असतो, पण कुणी तुम्हाला उपाशी ठेवलं, जागवलं, अंगाला हात लावला किंवा अपमान केला तर ते आमच्यात चालत नाही, लगेच बँड डायरेक्टरांना सांगा. एका आईने हे फोनवर माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. तिची मुलगी आज आमची खजिनदार आहे.

तिघी गेल्या, दोन वर्षांत नऊ जण आले, म्हणजे आता आम्ही अकरा. यंदाच्या मे महिन्यात मीही बाहेर पडते. एक सॅक्सोफोन वाजवणारी मुलगी मात्र दोनदा नाही म्हणाली. शनिवारी दुकानात काम करते आणि त्या पैशांवर तिची पुस्तकं येतात. तरी मंगळवारी गाण्यांची पानं लावायला येते, माझ्या शेजारी बसते. परवा म्हणाली, पुढच्या महिन्यापासून शिफ्ट बदलतेय. मी तिला पुन्हा विचारणार आहे.