नऊ वर्षांपूर्वीचा गंधार

मी आवाज रेकॉर्ड करतो, असं लोकांना सांगतो. खरं तर माझे जास्त तास रेकॉर्ड झालेल्या आवाजातून काय काढायचं, हे ठरवण्यात जातात. गायक बूथमध्ये एक गाणं आठ-दहा वेळा गातो. त्यातली पहिली ओळ दुसऱ्या टेकमधून, पुढची सातव्यातून, एखादा शब्द चौथ्यातून, असं जोडत गाणं उभं राहतं. याला आम्ही कॉम्पिंग म्हणतो. मग श्वासांचा आवाज कमी करायचा, टोचणारा ‘स’ दाबायचा, हललेला सूर जागेवर आणायचा. तुमच्या कानावर येतं ते गाणं त्या रूपात सलग कुणी कधीच गायलेलं नसतं.

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या आमच्या स्टुडिओत ताईंच्या अल्बमचं काम चाललं होतं. ताई ख्यालाच्या तालमीत वाढलेल्या. पण हा अल्बम बंदिशींचा नव्हता. आठ गाणी मिळून एकच गोष्ट होती. एक गायिका, आणि तिची सावली. दिवेलागणीला सावली तिच्या पायापासून सुटते आणि रात्री, ती झोपल्यावर, गाऊ लागते. गायिकेनं स्वतःत जे जे नाकारलं, ते सगळं सावलीच्या गळ्यात. गुरुभगिनीबद्दलचा मत्सर, दुसऱ्याची मैफल पडावी असं कधीतरी मनात येऊन गेलेलं, आणि तालमीत दाबून टाकलेला घोगरा आवाज. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची ‘शॅडो’ची कल्पना ताईंनी नीट वाचली होती. ही सावली म्हणजे निव्वळ वाईटपणा नव्हे, आपण ओळख द्यायला नकार दिलेलं आपलंच काहीतरी, आणि ते आपल्याला आधी दुसऱ्या माणसात दिसतं, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. सातव्या गाण्यात दोघी समोरासमोर येतात.

असं काम आज कुणी पैसे घालून करत नाही. ताईंना भेटलेल्या प्रत्येक निर्मात्यानं एकच सल्ला दिला, की एकेक गाणं सुटं काढा. मोठ्या स्ट्रीमिंग कंपनीकडे ३० सेकंद ऐकलं की एक ‘प्ले’ मोजला जातो, त्यामुळे सगळ्यांचा जीव पहिल्या अर्ध्या मिनिटात. चाळीस मिनिटं एका जागी बसून एक गोष्ट ऐकणारा श्रोता उरलाच नाही, असं ही माणसं ठामपणे सांगतात. त्यांनी त्याच्यासाठी शेवटचं काय बनवलं, हे मात्र कुणी सांगत नाही. ताईंनी स्वतःच्या ठेवी मोडल्या.

आमची अडचण होती सावलीच्या आवाजाची. दोन्ही भूमिका ताईच गाणार होत्या, पण दुसरी बाई ऐकू यायला हवी होती आणि ती परकी वाटता कामा नये. मी आवाजाचे फॉर्मंट, म्हणजे गळ्या-तोंडाच्या घडणीमुळे जास्त घुमणाऱ्या पट्ट्या, खाली ओढून पाहिले, तर पुरुष गातोय असं वाटे. आवाज फाटका करणारं डिस्टॉर्शन लावलं की भुताच्या मालिकेचा वास येई. मग माइकवर भिस्त ठेवली. मुख्यतः समोरचाच आवाज घेणाऱ्या कार्डिऑइड माइकच्या अगदी जवळ गेलं की आवाजातला खालचा भाग फुगतो. तोंड आणि जाळी यांत दोन बोटांचं अंतर ठेवून ताईंना कुजबुजल्यासारखं गायला लावलं. खर्ज असा दाट आला, की मला तो टेक फार आवडला. ताईंनी हेडफोन काढला आणि म्हणाल्या, “दादा, ही सावली नाही. ही मीच आहे, सावलीचं नाटक करणारी.”

तीन शिफ्ट अशा गेल्या. चौथ्या दिवशी दुपारी ताई मागच्या सोफ्यावर डोळे मिटून बसल्या होत्या आणि मी सातव्या गाण्याच्या फाइल्स बॅकअपला टाकत होतो. बॅकअप बरोबर झाला का, हे पाहायची माझी एक पद्धत आहे. मूळ फाइल एका ट्रॅकवर, प्रत दुसऱ्यावर, दोन्ही एकाच क्षणी सुरू होतील अशा ठेवायच्या आणि एकीची पोलॅरिटी उलटी करायची, म्हणजे तिच्या लहरीतल्या चढाचा उतार होतो आणि उताराचा चढ. दोन्ही फाइल्स तंतोतंत सारख्या असतील, तर त्या एकमेकींना खोडून टाकतात आणि स्पीकरमधून काहीही येत नाही. त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. प्रतीऐवजी मी सूर दुरुस्त केलेली फाइल ओढली. मूळ आवाजाच्या समोर दुरुस्त आवाज.

आधी शांतता होती. मी फक्त गरजेच्या ओळी कापून दुरुस्त करतो आणि परत चिकटवतो, त्यामुळे हात न लावलेल्या ओळी पूर्ण पुसल्या गेल्या. मग अचानक, अर्ध्या शब्दावर, एक पोकळ आवाज उठला, फुगला, विरला, पुन्हा उठला. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की जसा डोल पडतो, तसाच तो होता, कारणही तेच. दोन सुरांत फरक असला की ते आळीपाळीनं एकमेकांना खोडतात आणि वाढवतात. शब्द ओळखू येत होते. गळा ताईंचा होता. पण ही बाई फक्त ताई जिथे चुकल्या असं मी ठरवलं होतं, तिथेच गात होती.

“दादा, ही कोण?”

मी सांगितलं. मूळ आणि दुरुस्त यांच्यातला फरक तेवढा उरलाय, म्हणालो. त्या उठून दोन स्पीकरच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि ते गाणं त्यांनी चार वेळा ऐकलं. सावली सापडली होती. मला इतका आनंद झाला होता, की त्यांचा पुढचा प्रश्न मी नीट ऐकलाच नाही. त्यांनी तो पुन्हा विचारला.

“आपल्या त्या भजनांच्या रेकॉर्डचं असं करता येईल?”

ते रेकॉर्डिंग नऊ वर्षांपूर्वीचं. त्यातलं दरबारी रागाच्या अंगाचं एक भजन ताईंची ओळख बनलं आहे. माझ्याकडे जुन्या सेशन, म्हणजे त्या त्या रेकॉर्डिंगच्या सगळ्या फाइल्स, जपलेल्या असतात, त्या जपण्याचा मला अभिमान आहे. नाही म्हणायला जागा नव्हती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. सूर दुरुस्त करणारं पहिलं गाजलेलं सॉफ्टवेअर, ऑटो-ट्यून, १९९७ साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींच्या नोंदींवर काम करत. गणित अफाट आहे. पण अशा टूलमध्ये डोळ्यांसमोर असतं ते पियानोचं घर, सप्तकाचे बारा सारखे भाग. दरबारीतला गंधार त्या घरात राहत नाही. तो अतिकोमल, म्हणजे नेहमीच्या कोमल गंधाराहूनही किंचित खालचा, आणि स्थिर नाही, ऋषभाकडून हळूहळू झुलत असतो. टूल त्या झोक्याची सरासरी काढतं, ती जवळच्या रेघेवर नेऊन बसवतं आणि वरून झोका कमी करायचा की काय, असं विचारतं. मला हे तेव्हाही माहीत होतं. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा माणूस शेजारी बसून म्हणाला होता, “गंधार लागत नाहीये, सरळ करा.” मी सरळ केला. ताईंना सांगितलं नाही, कारण सांगायचं नाही अशीच या धंद्यात रीत आहे आणि ती मी कधी तपासून पाहिली नव्हती.

जुनी सेशन उघडली. मूळ फाइल, दुरुस्त फाइल, पोलॅरिटी उलटी. शांतता आलीच नाही. पहिल्या आलापापासून ती पोकळ बाई गात राहिली. शब्दन् शब्द, साडेपाच मिनिटं.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सांगू लागल्या. रेकॉर्ड बाजारात आल्यावर त्यांना वाटलं, असा गंधार आपल्याला मैफलीत का लागत नाही? लोकही म्हणत, रेकॉर्डवर काय लागलाय! म्हणून त्या रोज पहाटे ती रेकॉर्ड लावून त्या गंधाराचा रियाज करत होत्या. वर्षानुवर्षं. जो गंधार मी माउसनं ओढला होता, तो त्या गळ्यात उतरवायला बसत होत्या.

“सांगायचंत की हो दादा,” एवढंच त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. मी माफी मागितली, आणि ती त्या खोलीत फार छोटी वाटली.

काम थांबलं नाही. सातवं गाणं त्यांनी बदललं. त्यात सावली गाते तो सगळा भाग नऊ वर्षांपूर्वीच्या भजनातल्या त्या उरलेल्या आवाजातून बांधला आहे, आणि गायिकेचा भाग ताईंनी त्याच संध्याकाळी एका टेकमध्ये, तानपुऱ्याच्या जोडीबरोबर, हेडफोनमधली ठेक्याची टिकटिक, म्हणजे क्लिक, न लावता गायला. तीन ठिकाणी सूर हलला आहे. मी हात लावलेला नाही. सावली कुठली आणि बाई कुठली, असं मला आता त्या गाण्याबद्दल ठामपणे सांगता येत नाही. ताईंनाही विचारायचं धाडस झालं नाही.

जाताना त्यांनी भजनाची मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घेतली. त्या रात्री मीही ती ऐकली, वाद्यं बंद करून, नुसता तानपुरा आणि गळा. आठ दिवसांनी पहाटे सहाला फोन आला.

“दादा, तेव्हाचा गंधार बरोबर होता हो.”

“हो ताई,” मी म्हणालो. “बरोबरच होता.”