होनस वॅग्नरचे हात

अलेघेनी नदीवरचा पिवळा पूल पायी ओलांडून मी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातल्या पीएनसी पार्क या बेसबॉल मैदानाशी पोहोचले. सामना नसल्यामुळे प्रवेशद्वारासमोरचा जुन्या काळातल्या होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचा ब्राँझचा पुतळा निवांत पाहता आला. फटका मारून झाला आहे, बॅट पूर्ण फिरली आहे आणि नजर चेंडूमागे गेली आहे, असा क्षण शिल्पकार फ्रँक व्हिटर यांनी त्यात पकडला आहे. अमेरिकेतल्या चाहत्यांनी १९५५ साली तो उभारल्याचे चौथऱ्यावर कोरलेले आहे.

१८९७ ते १९१७ या काळात खेळलेल्या वॅग्नरने नॅशनल लीग या अमेरिकेतल्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेतल्या सर्वोत्तम फलंदाजीचा मान आठ वेळा मिळवला, तेव्हा पुतळ्याच्या हाती बॅट असणे रास्तच आहे. पण मला ओढ होती ती त्याच्या क्षेत्ररक्षणाची. तो शॉर्टस्टॉप होता; हा क्षेत्ररक्षक दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्यांच्या, मध्ये उभा असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे सरपटी फटके बहुधा त्याच बाजूला येतात आणि तिथून पहिल्या बेसपर्यंतची फेक लांबची असते, त्यामुळे चेंडू अडवणे, उचलणे आणि धावणारा पोहोचण्याआधी फेकणे हे सारे काही क्षणांत उरकावे लागते. वॅग्नर अंगाने थोराड, पायांनी फेंगडा. पंजे मात्र अवाढव्य. चेंडूबरोबर मूठभर माती आणि खडेही तो पहिल्या बेसकडे भिरकावीत असे, अशी आख्यायिका आहे. बॅटीभोवती आवळलेली ती ब्राँझची बोटे मी बराच वेळ न्याहाळत राहिले.

आज त्याचे नाव जगभर घेतले जाते ते मात्र १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघणाऱ्या एका छोट्या चित्रपत्त्यामुळे. मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने आपले चित्र छापू दिले नाही, असे काही जण सांगतात, तर पैशांवरून बिनसले असे काहींचे म्हणणे आहे. छपाई थांबल्याने तो पत्ता दुर्मीळ झाला आणि २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. त्या पत्त्यावर त्याचे हात दिसतच नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात फोर्ब्स फील्ड या जुन्या बेसबॉल मैदानाच्या कुंपणाची जुनी विटांची भिंत अजून उभी आहे. १९०९ साली सुरू झालेल्या या मैदानाच्या पहिल्याच हंगामात वॅग्नरच्या पायरेट्स संघाने डेट्रॉइटच्या संघाला हरवून वर्ल्ड सिरीज ही बेसबॉलची अजिंक्यपद मालिका जिंकली.

दुपारी मी शहराच्या नैर्ऋत्येला असलेल्या कार्नेगी या त्याच्या गावी गेले. बव्हेरियातून आलेल्या जर्मन कुटुंबात १८७४ साली तो इथे जन्मला आणि बाराव्या वर्षी शाळा सोडून वडील आणि भावांबरोबर कोळशाच्या खाणीत राबू लागला. ते हात तिथेच घडले असावेत, असे मला वाटते. नाव झाल्यावरही त्याने हे गाव सोडले नाही. एप्रिल १९५५ मध्ये तो आपल्या पुतळ्याच्या अनावरणाला जाऊन आला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला इथेच त्याने शेवटचा श्वास घेतला.