तीन ठोके

नारळी पौर्णिमा होऊन आठवडाही झाला नव्हता. जयगडच्या एका तांडेलाला पहाटे रत्नागिरीत आमच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या बंद धमन्या उघडायच्या खोलीत, आणलं. खोल समुद्रात मध्यरात्री छातीत कळ आली. बोट बंदराला लागून इथवर पोहोचेपर्यंत सहा तास गेलेले. "छातीवर नांगर ठेवलाय," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मी टेक्निशियन. ईसीजी आणि प्रेशरच्या मॉनिटरवर नजर ठेवणं माझं काम. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका होता, उजवी धमनी मध्यावरच बंद. वायर पलीकडे गेली, छोटा फुगा फुगवला, तरी आत गुठळीच गुठळी.

गुठळी ओढून काढायची नळी सर सहसा मागत नाहीत. 2008 साली हॉलंडच्या टापास अभ्यासानंतर तिचा वापर खूप वाढला. पण 2015 च्या टोटल अभ्यासात, 10,732 रुग्णांमध्ये, सरसकट वापराचा फायदा दिसला नाही. उलट महिन्याभरात पक्षाघाताचं प्रमाण 0.3 टक्के होतं ते नळी वापरलेल्यांत 0.7 टक्के निघालं. इथे मात्र गुठळी एवढी मोठी होती की सर म्हणाले, "ॲस्पिरेशन द्या." तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

सिरिंज ओढून लॉक केली. रक्त येत होतं, ते एकदम थांबलं. म्हणजे नळीच्या तोंडाशी मोठा तुकडा अडकला. अशा वेळी व्हॅक्यूम सोडायचा नसतो. तो धरूनच नळी गाईडमध्ये, म्हणजे धमनीच्या तोंडाशी बसवलेल्या बाहेरच्या जाड नळीत, घ्यायची, बाहेर काढायची आणि मग गाईडमधलंही रक्त ओढून टाकायचं. आत जाण्यापेक्षा बाहेर येताना जास्त धोका. नळी निघत असतानाच तांडेल जोरात खोकला आणि गाईड धमनीच्या तोंडातून सुटला.

माझ्या स्क्रीनवर गाईडमधून येणारी प्रेशरची लाट चपटी झाली. एक ठोका, दोन, तीन. मी "सर, डॅम्प..." म्हणेपर्यंत ती आपोआप वर आली.

एरवी लाट परत आली की हायसं वाटतं. त्या वेळी पोटात गोळा आला. गाईडमध्ये अडकलेला तुकडा सुटून रक्तात गेला तरच लाट अशी आपोआप परत येणार. गाईडमधून नुसतं रक्त आलं. गाळणीच्या जाळीत भाताच्या शितांएवढे दोन-तीन तांबडे कण होते, मोठा तुकडा कुठेच नव्हता. पहिल्याच ठोक्याला मी ओरडायला हवं होतं. सरांनी लगेच गाईडला सक्शन लावलं असतं.

धमनी छान वाहू लागली, स्टेंट बसला, छातीतली कळ गेली. सिस्टर म्हणाल्या, "काका, माझा हात दाबा बघू." उजवा हात उचललाच नाही. बोलणं जड झालं होतं. सीटीत रक्तस्राव नव्हता. मेंदूतली गुठळी काढायला कोल्हापूर गाठायचं ठरलं.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सर डोक्यावरची टोपी न काढताच बाहेर गेले आणि मुलीला म्हणाले, "गुठळी काढताना तिचा तुकडा सुटला आणि मेंदूत गेला."

"म्हणजे काढायला गेलात तीच?"

"हो, तीच."

त्यापुढे एक शब्द त्यांनी जोडला नाही. ॲम्ब्युलन्स आंबा घाटाकडे निघाली.

तीन महिन्यांनी तांडेल तपासणीला आला, स्वतःच्या पायांनी. बोलणं स्वच्छ होतं. उजव्या हाताने मात्र दोरीला गाठ मारता येत नाही, असं मुलीने सांगितलं. केसपेपर त्याने डाव्या हाताखाली ओढला आणि एकेक अक्षर कोरत सही केली.