बंदरावर बावटा लागला होता

२ जून २०२० च्या रात्री माझ्या फोनवर एकच मेसेज अकरा जणांकडून आला. निसर्ग चक्रीवादळ उद्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकणार, वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे. मी तो सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. "बरं," म्हणाल्या आणि निवडत राहिल्या.

त्यांना काय म्हणू? मला तरी काय कळलं होतं? ताशी ११० म्हणजे नेमका किती वारा, हे अंगावर घेतलेलं आमच्या आळीत कोणीच नव्हतं. आणि नाव काय, तर निसर्ग. मी गावच्या शाळेत शिकवते. निसर्ग म्हटलं की माझ्या मुलांच्या चित्रकलेच्या वहीत दोन डोंगर, मधोमध सूर्य, एक कौलारू घर आणि वाकलेला माड येतो. नाव बांगलादेशानं सुचवलेलं होतं आणि बंगालीतही त्याचा अर्थ तोच. शेजारच्या काकू दोन दिवस "नैसर्गिक वादळ येतंय म्हणे" असं सांगत होत्या. वादळ नैसर्गिकच असायचं, मग त्यात घाबरण्यासारखं काय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चारेकशे पावलांवर. आधी सुरूचं बन, मग आगर, म्हणजे नारळी-पोफळीची वाडी, आणि आगरात घर. अठ्ठावीस गुंठ्यांत ३१२ पोफळी आणि ४१ माड होते. आकडे मला पाठ आहेत, कारण सासरे गेले त्या वर्षी सासूबाईंनी माझ्याकडून एकेक झाड मोजून घेतलं होतं. दिवस आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीचे. सरपण पडवीत रचून झालेलं, सुकट, आमसुलं, पापड डब्यांत भरलेले. लॉकडाऊनमुळे मुंबईचे दीर-जाऊ मुलांना घेऊन घरीच होते. त्यामुळे घरात आम्ही नऊ माणसं.

सकाळी आठाच्या सुमारास कोळीवाड्यातले नाखवा आले. मासेमारी बंद होती, होडी वर ओढून झाकून ठेवलेली होती, म्हणजे त्यांना समुद्राकडे काही काम नव्हतं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा त्यांचा पुतण्या दर्यात होता. तो परत आला नाही. तेव्हापासून ते हवेचा रंग बदलला की घरोघर फिरतात. पायरीवरूनच म्हणाले, "वयनी, बंदराव बावटा चरलाय. आज या घरान नका र्‍हाव."

सासूबाई आत देवघरात होत्या. त्या बाहेर आल्या. "बावटा?" त्यांनी विचारलं. "कितवा?"

"मोठा हाय, आय."

त्यांचं माहेर हर्णैच्या बाजूचं. वडिलांचं गलबत होतं, त्यातून सुपारी आणि कौलं जायची-यायची. बंदरावरच्या डोलकाठीवर दिवसा काळे शंकू आणि नळकांडी टांगायचे, रात्री तांबडे-पांढरे दिवे. त्या खुणांना सगळे बावटाच म्हणायचे. कितव्या नंबरचा लागलाय हे आधी विचारायचं आणि मगच वडिलांच्या पानाचं पाहायचं, अशी त्यांच्या आईची रीत. ब्याऐंशी वर्षांची ती बाई एक शब्द न बोलता आत गेली. बाळकृष्ण आणि दोन टाक फडक्यात बांधून कमरेला खोचले. "चला," म्हणाल्या.

आदल्या रात्रीचे अकरा मेसेज एकीकडे आणि हा एक शब्द एकीकडे. या गोष्टीचा विचार मी गेली कित्येक वर्षं करते आहे, आणि हे सगळं लिहायला घेतलं तेही त्यासाठीच.

शाळेची किल्ली माझ्याकडे होती. गावातली स्लॅबची मोठी इमारत ती एकच. दहापर्यंत चौसष्ट माणसं जमली, तोंडाला मास्क, रुमाल, पदर. वर्गांत अंतर ठेवून बसा म्हणून मी सांगत होते, बाराच्या पुढे ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

दुपारचं काय सांगू! आवाज वाऱ्याचा वाटतच नव्हता. डोक्यावरून जड ट्रक एकामागून एक चालले आहेत आणि रांग संपतच नाही, असा तो आवाज. चौथीच्या वर्गाच्या खिडकीची एक काच फुटली होती, तिथून मला आमच्या वाडीचा उत्तरेकडचा कोपरा दिसत होता. पोफळ म्हणजे किती लवचीक झाड! एका हातानं कवेत घ्यावी एवढी बारीक आणि चाळीस-पन्नास फूट उंच. सुरुवातीला त्या सगळ्या एकदम वाकायच्या, शेंडे जमिनीला टेकतात की काय वाटायचं, आणि परत उभ्या राहायच्या. तासभर त्यांनी हे केलं. मग एक मधोमध मोडली. मोडल्याचा आवाज त्या घोंघाटात ऐकू आला नाही, फक्त वरचा अर्धा भाग नाहीसा झाला. त्यानंतर काडेपेटीतल्या काड्या मोडाव्यात तशा ओळीच्या ओळी गेल्या. माझे दीर माझ्या शेजारी उभे होते. ते मोजत होते. चाळीसच्या पुढे थांबले.

संध्याकाळी वारा उतरल्यावर बाहेर पडलो तर गावातली वाट सापडेना. जिथे कायम सावली, तिथे आभाळ. घराचं छप्पर एका बाजूनं उघडं, वासे दिसत होते, माजघरात कौलांचा खच, आणि पावसात भिजलेले आगोटीचे डबे. त्यात एका कोनाड्यात लोणच्याची बरणी जशीच्या तशी. सासूबाईंनी ती उचलून पदरानं पुसली, दुसरं काहीच करता येत नसल्यासारखी पुन्हापुन्हा पुसली.

मागाहून मोजदाद केली. पोफळी उरल्या ३८. माड ९. आणि जी झाडं उभी राहिली त्यांची पानं खाऱ्या वाऱ्यानं आठ दिवसांत करपून तांबडी झाली. आमच्याकडे वीज एकोणतिसाव्या दिवशी आली.

भरपाईबद्दल थोडक्यात सांगते, कारण बाहेरच्या माणसाला यातली मेख कळत नाही. फळबागांसाठी सरकारनं आधीची हेक्टरी १८ हजारांची मदत ५० हजारांवर नेली. ऐकायला ही रक्कम मोठी. पण कोकणात हेक्टर कोणाकडे आहे? गुंठ्याला पाचशे रुपये पडतात, आणि सातबाऱ्यावर चार-चार, सहा-सहा नावं. एका गुंठ्यात दहा-अकरा पोफळी आणि एखादा माड असतो. लोकांनी हे सतत मांडल्यावर पुढे झाडामागे मदत ठरली, माडाला २५० आणि पोफळीला ५०. हे बरं झालं, झाड मोजलं गेलं. पण पडलेली पोफळ कटर लावून तोडून वाडीबाहेर काढायलाच त्याहून जास्त जात होते, आणि नवीन लावलेली धरायला सहा-सात वर्षं लागतात. त्या मधल्या वर्षांचं काय करायचं, हा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता.

वीज आल्यावर मी वाचायला लागले. आधी स्वतःच्या समाधानासाठी, मग वर्गासाठी.

फिलिपाइन्समध्ये ताक्लोबान नावाचं शहर आहे. ८ नोव्हेंबर २०१३ ला तिथे हैयान वादळ आलं आणि त्या देशात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. वादळं त्या लोकांना नवी नव्हती, वर्षाकाठी कित्येक येतात. इशाराही दिलेला होता. पण इशाऱ्यात वाऱ्यानं किनाऱ्यावर लोटल्या जाणाऱ्या समुद्राच्या लोंढ्यासाठी इंग्रजी शास्त्रीय शब्द वापरला होता, स्टॉर्म सर्ज. लोकांना तो उमगला नाही. जोराचा वारा आणि पाऊस येणार, एवढंच ते समजले. वाचलेल्यांपैकी कितीतरी जण नंतर म्हणाले, त्सुनामीसारखी लाट येणार असं सांगितलं असतं तर आम्ही पळालो असतो. हे वाचलं आणि मला आमच्या पडवीतले तांदूळ आठवले.

याच्या अगदी उलट गोष्ट सिमुलुए बेटाची. इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला हे बेट आहे. १९०७ साली तिथे भूकंपामागून समुद्र आला आणि पुष्कळ लोक गेले. जे उरले त्यांनी त्या प्रकाराला त्यांच्या बोलीत एक नाव ठेवलं, स्मोंग. आज्यांनी ते नातवंडांना झोपवताना गाण्यांतून सांगितलं: मोठा भूकंप झाला, पाणी मागे हटलं, की डोंगराकडे धावा. शंभर वर्षं कोणी स्मोंग पाहिला नाही, पण शब्द घराघरात राहिला. २६ डिसेंबर २००४ ला भूकंप झाल्यावर दहा मिनिटांच्या आसपास पहिली लाट आली. यंत्रणेचा इशारा मिळायला वेळच नव्हता. लोक "स्मोंग! स्मोंग!" ओरडत वर पळाले. बेटावर सुमारे ७८ हजार वस्ती, त्यातले सातजण गेले. समोर सुमात्रावरच्या आचे भागात तेव्हा लाखावर माणसं मेली. आपल्या किनाऱ्यावर तरी त्या दिवसाआधी त्सुनामी हा शब्द कितीजणांना ठाऊक होता? १९४५ च्या नोव्हेंबरात बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. आमच्याकडे त्यासाठी शब्द उरलेला मला आढळला नाही. मी बऱ्याच म्हाताऱ्यांना विचारलं.

आणि बांगलादेश. १९७० च्या नोव्हेंबरातल्या भोला चक्रीवादळात तिथे तीन लाखांच्या वर माणसं गेली. १९९१ ला पुन्हा सव्वा लाखाहून जास्त. गरीब देश, सपाट किनारा, पळायला डोंगर नाही. त्यांनी उंच खांबांवर निवारे बांधले, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. गावागावांत स्वयंसेवक तयार केले. आज ते पंचाहत्तर हजारांच्या वर आहेत आणि त्यांत निम्म्या बायका. हे मुद्दाम सांगते, कारण घरातल्या बाईला घर सोडायला बाईच राजी करू शकते. ही माणसं भोंगा घेऊन, निशाणं लावून फिरतात आणि नंबर सांगतात. दहा नंबरचा "महाविपद संकेत" म्हटलं की तिथलं पोरही उठतं. हे नंबर म्हणजे इंग्रजांच्या काळातले बंदरावरचे एक ते अकरा इशारे. म्हणजे आमच्या सासूबाईंच्या माहेरचा तोच बावटा! आपल्याकडेही तो आहे, बंदरांवर आजही लागतो, वर्तमानपत्रात "तीन नंबरचा बावटा" अशी ओळ येते. पण तो फक्त नाखवांचा राहिला. किनाऱ्यापासून चारशे पावलं आत आला नाही.

आमच्याकडे वादळं येत नाहीत, ती पूर्वेला बंगालच्या उपसागरात होतात, असं आमची पिढी शिकली. पूर्वी ते बरंचसं खरंही होतं. आता अरबी समुद्र तापतो आहे. २०१९ या एका वर्षात त्यात पाच चक्रीवादळं झाली. निसर्गला वर्ष होत नाही तोच, मे २०२१ मध्ये तौक्ते आमच्या समोरून गुजरातकडे गेलं. तेव्हा मी मेसेजची वाट पाहिली नाही. आळीतून फिरताना एकच वाक्य बोलले, बंदरावर बावटा लागलाय. आमच्या आळीत एकाही घरी दुसऱ्यांदा जावं लागलं नाही.

पण ताक्लोबानचं वाचल्यापासून माझी झोप दुसऱ्याच गोष्टीनं उडते. तिथे लोक ज्या निवाऱ्यांत गेले होते त्यांतले काही निवारेच पाण्याखाली गेले. आमची शाळा स्लॅबची आहे खरी, पण आहे सखलात. निसर्गच्या वेळी वारा होता, समुद्र आत आला नाही, म्हणून चौसष्ट माणसं वाचली. मी त्यांना तिथे नेलं, आणि समुद्र आला असता तर त्याच खोल्यांत ती कोंडली गेली असती. मागे डोंगर आहे, तर डोंगराचंही कोकणात सांगता येत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली. पुढे दर्या, मागे दरड. मग जायचं कुठे, हे वादळाच्या दिवशी ठरवून चालत नाही.

नाखवा आणि मी मिळून एक जागा पाहिली आहे. देवळाच्या वरचा सडा. कातळ आहे, माती जवळजवळ नाही, वर तुटका कडा नाही. गेल्या महिन्यात चौथी-पाचवीची बत्तीस मुलं घेऊन शाळेपासून तिथपर्यंत चालत गेलो. नाखवा पुढे, मी मागे घड्याळ धरून. एकोणीस मिनिटं लागली. त्यातली सहा ओढ्यावरच्या साकवावर गेली, कारण त्याची एक बाजू खचली आहे आणि एका वेळी एकच मूल पलीकडे जातं. भरतीच्या वेळी तिथे गुडघाभर पाणी असतं. साकव रुंद करावा म्हणून मी दोनदा अर्ज दिला आहे. तिसरा लिहून तयार आहे. त्याला बत्तीस मुलांची नावं आणि ती सहा मिनिटं जोडली आहेत. येत्या ग्रामसभेत तो मी स्वतः वाचणार आहे.